त्याच्या शर्टांचा कुबट वास

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळे नाकवाली मावशी म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता. नवीन बाई कामाला लागली की ही स्वतःच ओळख करून द्यायची, "मी नाकवाली. माझ्यापासून काही लपवायचं नाही, सांगून ठेवते."

आणि खरंच, लपायचं नाही हो. सव्वीस वर्षं तिनं एकच काम केलं. ड्रायरमधून निघालेला कपडा घडी घालण्याआधी नाकाशी धरायचा. नाकाला पटला तर घडी, नाही पटला तर परत ड्रममध्ये. डोळ्यांना काय, पांढरं दिसलं की ते खूश. कपडा आतून ओला राहिला, ढिगात तासभर जास्त पडला, कुणी साबण नीट खंगाळला नाही, हे सगळं तिचं नाक सांगायचं. डॉक्टरीणबाईसुद्धा आपले कोट तिच्याच हातात द्यायच्या.

पण ह्या नाकानं तिला तीनदा असं काही सांगितलं होतं, की ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

खासगी खोल्यांमधले कपडे जाळीच्या पिशवीत घालून धुवायचे असतात. पिशवीवर खोलीचा नंबर. वीस पिशव्या एकाच ड्रममध्ये, एकाच पाण्यात, एकाच साबणात. वीसही सारख्याच निघायला हव्यात. एकदा एकोणीस पिशव्या स्वच्छ निघाल्या आणि एका पिशवीतल्या गाउनना कुबट वास. बंद खोलीत ओला टॉवेल चार दिवस पडावा, तसला. तिनं परत धुतले, उकळत्या पाण्यात धुतले, वास तिथंच. पंधरा दिवसांत त्या खोलीतला पेशंट गेला, खोली रिकामी झाली. तिनं मनावर घेतलं नाही. हॉस्पिटल म्हटल्यावर खोल्या रिकाम्या व्हायच्याच. दोन वर्षांनी पुन्हा तेच. मग तिसरा. तो तर धडधाकट गडी, पायाचं प्लास्टर काढायला आलेला. हसतखेळत घरी गेला, आणि आठव्या दिवशी रस्त्यात एक भिंत अंगावर पडून गेला. हे तिनं फक्त बॉयलरवाल्या काकांना सांगितलं. काका वाफेच्या काट्याकडे बघत म्हणाले, "मावशी, हे दुसऱ्या कुणाला सांगू नका." तिनं नाही सांगितलं.

आता घरी या. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. त्यात ती, तिचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात, जिला सगळे चिमणी म्हणत. मुलगा लिफ्टदुरुस्तीवाला. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात, लोखंडी दोरांना लटकून काम. सून चष्म्याच्या दुकानात. पोरगी कामाला वाघीण, घर लखलखीत ठेवणारी. सासूला तिच्यात खोड काढायला जागा नव्हती आणि त्याचं सासूला थोडं वाईटच वाटायचं, खोटं कशाला बोला.

पण मग एकाएकी त्या पोरीला काय झालं कोण जाणे. कपडे मशीनला लावायची आणि काढायचीच नाही. संध्याकाळी लावलेले कपडे सकाळी काढायची. कधी सकाळी लावून कामावर निघून जायची, आल्यावर काढायची. मग ते दोरीवर घातले तरी काय उपयोग? सगळ्या घराला कुबट वास. टॉवेल कुबट, चादरी कुबट, चिमणीचे झगे कुबट. आणि हे कुणाच्या घरात, तर नाकवालीच्या!

मग काय, तिचा तोंडाचा पट्टा सुरू.

"अगं, आठ तास ओलं कापड कोंडून ठेवतेस, ते काय लोणचं आहे मुरायला?"

"विसरले, आई."

"रोज विसरतेस? स्वतः जेवायला बरी विसरत नाहीस ती!"

"उद्या काढीन."

उद्या काढायची नाही. उलट उत्तरही करायची नाही, रडायची नाही, नुसती खाली मान घालून भांडी घासत राहायची. आता भांडणाऱ्या माणसाला समोरून काही आलंच नाही तर त्याचं डोकं जास्तच फिरतं. मुलगा मधे पडायचा. "आई, जाऊ दे ना. अत्तर मारून जातो मी." म्हातारी त्याच्यावर घसरायची, "तू बायकोचीच बाजू घे!"

दीड महिना हे असं चाललं. शेवटी एका रविवारी नाकवालीनं पदर खोचला. "आजपासून कपडे मी धुणार. तू हात लावायचा नाहीस."

तेव्हा मात्र सून उसळली. कधी नव्हे ती मशीनच्या आडवी उभी राहिली. "नाही आई. तुम्ही नाही धुवायचे. दिवसभर तिकडे तेच करता, घरी मी करू देणार नाही."

"बाजूला हो."

"आई, मी पाया पडते तुमच्या, नका धुऊ."

कपड्यांसाठी कुणी पाया पडतं का? नाकवालीला वाटलं, पोरीनं खिशात काहीतरी लपवलंय. तिनं तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि सगळे कपडे बाहेर ओतले. खिसे चाचपले, काही नव्हतं. मग तिनं हातानं साबण लावला, घासले, तीन पाण्यांतून खंगाळले, करकचून पिळले, झटकून झटकून गॅलरीतल्या दोरीवर कडक उन्हात घातले. सून दाराशी बसून बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक.

चार वाजता नाकवाली कपडे काढायला गेली. सवयीनं एकेक नाकाशी धरत घडी घालू लागली. चिमणीचा झगा, उन्हाचा वास. सुनेची ओढणी, उन्हाचा वास. तिचं स्वतःचं पातळ, उन्हाचा वास. तिनं समाधानानं मान हलवली आणि मुलाचा निळा शर्ट नाकाशी नेला.

कुबट.

कापड हाताला कडकडीत वाळलेलं लागत होतं. ऊन खाऊन गरम झालेलं होतं. आणि आत तोच बंद खोलीतला ओला वास, जाळीच्या पिशवीतला. तिनं दुसरा शर्ट उचलला. तोही. बनियन, पँट, रुमालसुद्धा. फक्त त्याचेच. शेजारच्या चिमट्याला लटकलेल्या झग्याला काहीच नाही. ती गॅलरीतच मटकन बसली. आत मुलगा चिमणीला घोडा घोडा खेळवत होता, दोघं खिदळत होते.

ती कुणाला काही बोलली नाही. बोलून करायचं काय? तिनं स्वतःची समजूत घातली, की त्याचे कपडे ग्रीसचे असतात, तेलाचे असतात, ड्रममध्ये महिनाभर कुजून वास धाग्यात मुरलाय. चूक सुनेची आहे. सुनेचीच असली पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी तिनं मुलासाठी दोन कोरे करकरीत शर्ट आणले. त्यानं एकदा घातले, तिनं स्वतः धुतले, उन्हात वाळवले. कुबट.

मग तिचा धीर सुटला. मुलाला खोटंच सांगून तिनं हॉस्पिटलात नेलं, की कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची तपासणी चालू आहे म्हणून. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "मावशी, तुमचा मुलगा दगडासारखा आहे. काळजी सोडा." ती आनंदानं खाली धावत आली आणि बॉयलरवाल्या काकांना कागद दाखवला. काकांनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. तिला मग तो प्लास्टरवाला गडी आठवला. त्याचेही कागद चांगलेच होते.

मग तिनं गुडघ्याचं सोंग घेतलं. "मला उठता येत नाही रे, आठ दिवस घरी रहा." मुलगा गुणाचा, राहिला. आठ दिवस तिनं त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. जिन्यावर मागे मागे, गॅलरीत गेला की "आत ये, वारा लागेल". तो वैतागून हसायचा. आठ दिवसांत काहीही झालं नाही. फक्त ती रोज त्याचा शर्ट नाकाशी धरायची आणि रोज वास थोडा जास्तच असायचा. नवव्या दिवशी तो कामावर गेला आणि त्याच दिवशी सुनेनं पुन्हा सगळे कपडे मशीनमध्ये कोंडले. पुन्हा सगळं घर कुबट.

खरं सांगायचं तर म्हातारीला त्या वासानं बरंच वाटलं. आता कुणाचं कुठलं, काही कळत नव्हतं. पण भांडण तिनं सोडलं नाही. भांडत होती तोवर दोष सुनेचा होता, मशीनचा होता. भांडण संपलं तर मग काय उरणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पंधरा दिवसांनी एका सकाळी, मुलगा अंघोळीला गेला आणि चिमणी शेजारी खेळायला गेली, तेव्हा तिनं पुन्हा तेच काढलं.

"तुझ्यामुळे माझ्या मुलाच्या कपड्यांना वास येतो. ऐकतेस का? तुझ्यामुळे! तुझ्या आईनं तुला एवढंही शिकवलं नाही?"

सुनेनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"माझी आईपण हेच म्हणायची," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मी पंधरा वर्षांची होते. घरातले कपडे मी धुवायचे. एकदा बाबांच्या सदऱ्यांना वास यायला लागला. फक्त बाबांच्या. आई म्हणायची, तू नीट पिळत नाहीस. मला रोज बोलायची. मी हात सोलेपर्यंत पिळायचे, आई. हात सोलेपर्यंत."

नाकवालीनं सुनेच्या हातांकडे बघितलं.

"मग बाबा गेले. त्यांना काही झालं नव्हतं, सकाळी चहा पिऊन बाहेर पडले होते. आता ह्यांच्या शर्टाला तोच वास आला तेव्हा मी ओळखला. तुमचं नाक मला माहीत आहे. तुम्हालाही कळेल म्हणून मी सगळ्यांचेच कपडे कोंडून ठेवायला लागले. सगळ्यांनाच वास आला तर तो एकट्याचा राहत नाही ना. तुम्ही मला बोला. हवं तितकं बोला. मला तेच हवं होतं."

न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं आणि मुलगा आतून काहीतरी गुणगुणत होता.

"तुझ्या बाबांना," म्हातारी मोठ्या कष्टानं म्हणाली, "वास सुरू झाल्यापासून किती दिवस मिळाले?"

"तीन महिने."

"आणि ह्याला सुरू होऊन किती झाले?"

सुनेला रडू कोसळलं. अडीच महिन्यांपेक्षा जास्त झाले होते, हे म्हातारीनं आपल्या बोटांवर मोजलं.

न्हाणीघराचं दार उघडलं. मुलगा केस पुसत बाहेर आला, दोरीवरचा शर्ट ओढला आणि नाक मुरडलं. "शी! आजही वास! आज कुणी विसरलं कपडे काढायला?"

सुनेनं डोळे पुसून पुढे पाऊल टाकलं, पण म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला.

"मी रे," ती म्हणाली. "मीच विसरले."

"तू?" त्याला इतकं हसू आलं की टॉवेल हातातून पडला. "नाकवाली मावशी विसरली? आता लॉन्ड्रीत जाऊन सांगतोच बघ सगळ्यांना!"

"सांग हो. वय झालं माझं." तिनं त्याची कॉलर नीट केली, वरचं बटण लावून दिलं आणि हात तिथून काढला नाही. "आज नको जाऊस कामावर."

"पुन्हा गुडघा?"

"हो. पुन्हा गुडघा."

"आई, आता हे सोंग पुरे. नवीन इमारत आहे, सव्वीस मजले, माणसं खोळंबलीत." त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली, बायकोला "रडतेस काय वेडे, आई ओरडली का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेला.

त्याची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू आली. मग नाकवालीनं त्याचा कालचा शर्ट, चिमणीचा झगा, सुनेची ओढणी आणि आपलं पातळ असं सगळं एकत्र मशीनमध्ये घातलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. मशीन फिरून थांबलं, आत पाणी गळून गेल्याचा आवाजही थांबला. दोघी तिथंच शेजारी शेजारी उभ्या होत्या. झाकणाला कुणीच हात लावला नाही.