आजारी पडायची तालीम

नोकरीत मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या सुभेदारसाहेबांचा. मुलुंडच्या लष्करी औषधभांडारात ते प्रमुख, मी कारकून. साहेब मूळचे मालवणचे. दर वाक्याला "समजलास?" विचारायचे, पण उत्तरासाठी थांबायचे नाहीत.

फ्लूची साथ आली आणि निम्मी माणसं घरी बसली तर काम कसं चालेल, याची त्यांनी तालीम ठेवली. टोपीतून चिठ्ठी काढायची. 'ताप' निघेल त्याने दिवसभर फाटकाबाहेर बसायचं. पहिलाच ताप साहेबांना निघाला.

"मला? अरे, मला कधी साधी शिंक नाही आली!" ते गरजले. मग मास्क लावून फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले.

ट्रक मला भरायचा होता; यादी वाचून दाखवायला कचेरीतल्या सावंतबाई होत्या. घाटकोपरला आधी उतरवायची खोकी मी सगळ्यांत आत कोंबली. फाटकाच्या जाळीपलीकडे साहेबांचा हात वर गेला, तोंड उघडलं. पण त्यांनी खुर्चीच उलटी फिरवली आणि रस्त्याकडे बघत बसले. चूक माझी मलाच उमगली. सगळी खोकी काढून पुन्हा रचली; ट्रक तासभर उशिरा सुटला.

"गाडी माझ्याशिवाय गेली," संध्याकाळी साहेब म्हणाले. "आता तुझ्याशिवाय जाऊ दे. समजलास?"

मी घाबरलो. घरातला पहिला पदवीधर मी. कधी खाडा करत नाही, एवढीच माझी लायकी आहे असं वाटायचं. पुढे खरंच ताप आला. गोळी घेऊन बूट घातले होते; ते काढले आणि साहेबांना पत्र पाठवलं:

"आदरणीय साहेब, मला ताप आहे. आज येत नाही. ट्रक भरायचं काम मी सावंतबाईंना शिकवलं आहे. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं."