आमच्या साडूंचं डांबर

डांबर हे रस्ते करण्यासाठी नसून खास आपल्याला छळण्यासाठी जन्माला आलं आहे, अशी पक्की समजूत असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होता, आणि नेमका तो माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मला त्यांना वाकून नमस्कार करावा लागे. त्यांचे दोन्ही हात कायम तेलकट असल्यामुळे ते तो मानेनेच स्वीकारत. नव्वदच्या सुमारास त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, तीही पांढरीशुभ्र. पांढऱ्यावर डाग दिसतात, गडद रंगाची घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "दिसला नाही म्हणजे डाग नाही, असं तुमच्याकडे चालत असेल," ते मला म्हणाले. माझ्या स्कूटरचा मूळ रंग कोणता हे तेव्हा मलाही आठवत नव्हतं.

एरवी हा माणूस म्हणजे उतावळेपणाचा कळस. चहा निवायच्या आत पिऊन जीभ पोळून घेणार, लग्नात अक्षता पडायच्या आधी पंगत धरणार, एसटी थांबायच्या आत उतरणार. पण गाडीच्या दारावर डांबराचा ठिपका दिसला की त्यांच्या अंगात एखादा ऋषी संचारत असे. आधी गाडी सावलीत घेऊन पत्रा गार होऊ द्यायचा. मग पाण्याने धूळ घालवायची, कारण धुळीसकट पुसलं की ओरखडे आलेच. मग मलमलीचं फडकं खोबरेल तेलात भिजवून ठिपक्यावर ठेवायचं आणि समोर स्टूल टाकून बसायचं. डांबर आपण होऊन सैल झालं की हलकेच टिपायचं, फडक्याची घडी बदलायची, शेवटी साबणपाण्याचा हात फिरवायचा. कोणी पेट्रोल किंवा ब्लेडचं नाव काढलं, तर ते त्याच्याकडे कसायाकडे बघावं तसे बघत. "घासायचं नाही, भाऊसाहेब. घासलं की डाग राहतो आणि रंग जातो. मऊ व्हायला वेळ द्यायचा." ताईंची, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींची, तक्रार वेगळीच होती. घरातली तेलाची बाटली आठवडाभर पुरत नसे आणि नवऱ्याचं डोकं मात्र कोरडं. आपल्या मऊ सुती साड्या त्या कुलपात ठेवत. एका लग्नात तर साडूंनी नवरदेवाच्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरून पाहिला आणि माझ्या कानात म्हणाले, "चार फडकी आरामात निघतील."

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना गाडीतून त्र्यंबकेश्वरला न्यायचं ठरवलं. उन्हाळ्याचे दिवस. अर्ध्या वाटेत रस्त्यावर ताजं डांबर टाकलेलं दिसलं. दुसरा कोणी असता तर हळू गेला असता. साडूंनी आम्हाला खाली उतरवलं. गाडी हलकी झाली की डांबर कमी उडतं, असं त्यांचं शास्त्र होतं. ते एकटे गोगलगायीच्या गतीने पुढे गेले आणि आम्ही मागून चालत, चपला चिकटत-उचलत, पलीकडे पोचलो. तिथे त्यांनी आमच्या चपलांचे तळ पाहिले आणि गाडीचं दार लावून घेतलं. शेवटी चपला शेतातल्या एका झोपडीत ठेवून आम्ही अनवाणी देवदर्शनाला गेलो. पुजाऱ्याला वाटलं, आमचा काही नवस असावा.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, नीलूने, लग्नासाठी मुलगा पसंत केला तो रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर. मुलगा पिंपळगावचा, घरची द्राक्षबाग, सुपारीचंही व्यसन नाही. तेव्हा हायवेच्या रुंदीकरणाचं काम चाललं होतं आणि हा दिवसभर डांबराच्या वाफेत उभा. तो भेटायला आला त्या दिवशी साडूंनी मला आधाराला बोलावलं होतं. मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते सरळ त्याच्या जीपकडे गेले, वाकले, आणि विचारलं, "हे डाग किती दिवसांचे?"

"मामा, वरचे कालचेच हायेत," पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला. "जुने खाली लय हायेत."

साडू आत आले, पाणी प्यायले आणि मुलीला चिखलात देईन पण डांबरात देणार नाही, असं सांगून मोकळे झाले. ताई रडल्या. नीलू रडली नाही, तिने जेवणही सोडलं नाही. "मी घासणार नाही, बाबा," ती म्हणाली. "मी थांबते." आणि ती खरोखरच थांबली. आलेली स्थळं हसून परत पाठवत राहिली, वडिलांना गाडी धुताना पाणी देत राहिली. पावसाळा गेला, थंडी गेली. एका रविवारी फडकं पिळता पिळता साडूंनी वर न बघता विचारलं, "त्या पोराचा रस्ता कुठवर आलाय गं?" त्या उन्हाळ्यात लग्न झालं. रुखवतात चकल्या-अनारशांच्या शेजारी खोबरेल तेलाचा डबा आणि मलमलीच्या फडक्यांची चळत मांडली होती. व्याही मंडळींना ती आमच्याकडची रीत वाटली.

मग शनिवार-शनिवार जीप यायची आणि साडू तिचे डाग काढायला लागायचे. जावई सोफ्यावर अवघडून बसलेला, सासरा बाहेर चाकापाशी. पण रस्ता काही माणसांसाठी थांबत नाही. इकडचं काम संपलं आणि जावयाची बदली पार मध्य प्रदेशात झाली. जायच्या आधी दोघं निरोप घ्यायला आली, तेव्हा मीही तिथे होतो. साडूंनी सकाळपासून जीप अशी धुऊन काढली होती की ती शोरूममध्ये उभी करावी. फक्त मागच्या दारावर मोहरीएवढा एक ठिपका राहिला होता. मी तो दाखवला.

"तो हट्टी आहे," साडू म्हणाले. "घाई केली तर रंग जाईल. जावईबापू, पुढच्या वेळी याल तेव्हा काढू."

ठिपका ताजा होता. तेलाचं नुसतं बोट लावलं असतं तरी गेला असता, एवढं तोवर मलाही कळायला लागलं होतं. साडू माझ्याकडे बघत नव्हते. ते हातातल्या फडक्याची घडी उगाचच पुन्हा पुन्हा बदलत होते आणि मला त्यांची फार माया आली. नीलूने तो ठिपका पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. जीपमध्ये बसताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "तिकडे गेल्यावर मागचं दार कुणाला धुऊ देऊ नका."