भावाच्या यादीतले अल्बम

गेल्या महिन्याभरात मी सहा अल्बम ऐकले आणि त्यातला एकही मी निवडलेला नाही. निवड माझ्या धाकट्या भावाची. तो नांदेडला असतो, मी लातूरला. गाण्यांच्या ॲपचं खातं आम्हा दोघांत मिळून एकच आहे. त्यानेच कधीकाळी माझ्या फोनमध्ये घालून दिलेलं. त्याने तिकडे काही लावलं की इकडे माझ्या यादीत ते सगळ्यात वर दिसतं. दीड वर्ष झालं, आमचा अबोला आहे. ॲप मात्र त्याने बंद केलं नाही अन् मीही नाही.

तर अल्बम. पहिला सारंगीचा. वाजवणारा तरुण असावा, पण घाई कुठेच नाही. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना पाण्यात कालवायचा, कागदातून गाळायला ठेवायचा आणि पाणी खाली उतरेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात सारंगी चांगली बसली. शेवटी तबला येतो तो उगीच येतो. त्याला कुणी बोलावलं होतं, असं वाटलं.

दुसरा रॅपचा. पोरं आपल्याच भागातली, बोली आपली, आणि शिव्या तर अस्सल आपल्याच. पहिल्या दिवशी मी नाक मुरडून बंद केला. दुसऱ्या दिवशी गुपचूप परत लावला. त्यात कोचिंगवाल्यांच्या मेसमधल्या वरणावर एक गाणं आहे, ते ऐकून मी भर ऑफिसात एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं विचारलं. काही नाही म्हणाले. ज्याला सांगायचं तो नांदेडला.

तिसरा कुठल्या तरी थंड देशातला, नुसता पियानो. एक सूर वाजतो, मग वाजवणारा विचार करत बसतो, मग दुसरा. मला तो काडीचा कळला नाही. पण भावाने आठ दिवसांत पाच वेळा ऐकला, तेही भर दुपारी, म्हणजे त्याच्या ड्यूटीच्या वेळेला. माणूस कामावर न जाता दुपारचं असलं का ऐकत असेल? तब्येत बरी असेल का? हे विचारायला फोन पुरला असता. मी फोन केला नाही, पियानोच दोनदा ऐकला.

चौथा तेलुगू सिनेमाचा, नुसता धांगडधिंगा. तो आला तेव्हा जिवाला बरं वाटलं. माझी भावजय देगलूरकडची, तिला तेलुगू गाण्यांचं वेड. म्हणजे त्या दिवशी घरात कुणीतरी नाचलं असणार.

पाचवा कव्वालीचा. हा मी कानात न घालता मोठ्याने लावला, कारण खालच्या घरमालकीण आपा जिन्यातून म्हणाल्या की आवाज जरा वाढवा. या महिन्यात माझ्यासोबत कुणी गाणं ऐकलं असेल तर ते आपांनी, तेही खाली भाजी निवडत.

त्या ॲपची एक खोड आहे. दोघांनी एकाच वेळी लावलं, तर आधी ऐकणाऱ्याचं बंद पडतं. सुरुवातीला मी नेटला शिव्या द्यायचे. मग लक्षात आलं, माझी सारंगी मध्येच तुटली म्हणजे नांदेडात त्याने काहीतरी लावलं. तेव्हापासून गाणं तुटलं की मला राग येईनासा झाला. आहे, उठलाय, चहा झाला असेल, एवढं कळायचं. एकट्या बाईला तेवढंही पुष्कळ होतं.

सहावा अल्बम भीमगीतांचा. जुन्याच चालीची गाणी नव्या पोरींनी गिटारवर म्हटलेली. आमचे वडील, अण्णा, गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे गिटार ऐकून मी आधी वैतागले. तिसऱ्या गाण्याला रडू आलं. अण्णांना ते आवडलं असतं की नसतं, हे ठरवायला दुसरं माणूस हवं, आणि त्यांना माझ्याइतकं ओळखणारं एकच माणूस उरलंय.

अबोला अण्णांवरूनच झाला. ते भावाकडेच राहायचे. एका दुपारी मोरीपाशी पडले. त्यांनी हाका मारल्या असतील. भाऊ आतल्या खोलीत कानात गाणी घालून बसलेला, त्याला काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. लवकर दवाखान्यात आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या तर कधीच नव्हतं. अण्णांच्या जलदानविधीला, सगळे पाहुणे बसलेले असताना, मी त्याला म्हणाले, "बाप हाका मारून मेला अन् तू गाणे ऐकून राहिला." तेव्हापासून तो माझ्याशी बोललाच नाही.

आमच्या घरात अबोला सोडायची एक रीत आहे. तिथे माफी वगैरे कुणी मागत नाही. ज्याला बोलायचंय त्याने समोरच्याच्या दारात जायचं आणि पाणी मागायचं. फोनवर हे होत नाही. आई-अण्णांची भांडणंसुद्धा अशीच मिटायची. अण्णा घरातून बाहेर जाऊन परत दारात उभे राहायचे. चूक माझी होती, तेव्हा जायला मीच हवं होतं. पण मी थोरली, आणि मिजास काही कमी नाही. दीड वर्ष मी त्याचे अल्बम ऐकत बसले.

त्या रविवारी भीमगीतांचा अल्बम मी सकाळपासून तीनदा ऐकला. एकदाही तुटला नाही. आज हा कुठे गेला, असं मनात आलं, आणि मी चौथ्यांदा लावला.

मंगळवारी पाण्याची मोटर लावायला खाली गेले तेव्हा आपा म्हणाल्या, "ताई, इतवारी तुमचा भाऊ आल्ता. लई येळ दार वाजवून राहिला." मी बाहेर गेलेय असं वाटून त्यांनी मला हाक मारली नव्हती. भाऊच त्यांना म्हणाला होता, झोपली असेल, राहू द्या. मग त्याने आपांकडे पाणी मागितलं. पायरीवर बसून तांब्याभर प्यायला आणि नांदेडची बस धरायला निघून गेला.

मी वर आले. इयरफोन टेबलावर होते, ते उचलून कपाटात टाकले. तो एवढ्या लांबून माझ्याकडे पाणी मागायला आला होता आणि ते त्याला परक्या दारात प्यावं लागलं. आधी आपांचा राग आला, मग त्याचा, की दार फोडायचं होतं. उरला तो माझा मलाच आला. स्वयंपाक केला नाही.

शनिवारी सुट्टी होती. सकाळची बस धरली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. कानात काही घातलं नाही. शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल बोलत होती, ते सगळं ऐकलं.

दार त्यानेच उघडलं. वाळलाय. दुपारच्या पियानोचं त्याला विचारायचं होतं, पण रीत म्हणजे रीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाले, "पाणी दे."

तो आत गेला, तांब्या घेऊन आला. मी प्यायले. भांडं परत देताना म्हणाले, "इतवारी तू दार वाजवलं तवा माझ्या कानात होतं. ऐकूच नाही आलं रे."

त्याने तांब्या हातात घेतला.

"हाव," तो म्हणाला. "मला बी नव्हतं आलं, ताई."