पुळणीवरच्या सलून गाड्या

ड्रायव्हर माणसाला पॅसेंजरची वाट बघत बसवत नाही. निदान मला तरी नाही! बूड टेकलं की उठावंसं वाटतं, उठलं की पुसलेली गाडी परत पुसावीशी वाटते. असे दोन-तीन अस्वस्थ आत्मे एका स्टँडवर जमले की किस्से साठत जातात, घराच्या कोपऱ्यात जुने टायर साठतात तसे. उपयोग शून्य, पण टाकवत नाहीत.

आमचा स्टँड श्रीवर्धनचा. साठ साल नुकतंच उलटलं होतं. साहेब लोक जाताना विकून गेलेल्या विलायती गाड्या हात बदलत बदलत आमच्यापर्यंत आल्या होत्या. माझी एक, बारकूची एक, नाऱ्याची एक. बोर्ली पंचतनच्या खेपा मारायच्या आणि उरलेला वेळ जांभया द्यायच्या.

त्या वर्षी कादिरभाई जहाजावरची नोकरी संपवून विलायतेहून घरी आला. म्हणाला, तिकडे असल्याच गाड्यांच्या शर्यती लागतात! रेसची खास गाडी नव्हे, घरची चार दारांची सलून गाडी, बायकापोरं बसवायची तीच. झालं! त्या दिवसापासून आम्हाला स्टँडवर चैन पडेना.

*

ओहोटीला समुद्रकाठची आमची पुळण फरशीसारखी घट्ट होते. कादिरभाईने तिथे दोन बांबू रोवले, मधे रेघ मारली. रेघेपासून खाडीच्या तोंडापर्यंत जायचं, वळायचं, परत रेघेवर. सगळ्या सीट जागेवर हव्यात, आणि रेघ ओलांडताना ड्रायव्हर आपल्या सीटवर हवा. मधे खाली उतरला तर बाद.

बांबूंच्या मागेच पोशा नाखव्याची होडी लागायची. पोशा म्हणजे नाऱ्याचा बाप. कोळ्याचा पोर असून नाऱ्या चाकाला लागला, म्हणून बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. शर्यतीचं कानावर गेलं तेव्हा मात्र बोलला. "होळीपत्तूर एक तरी शर्यत जिक. न्हाय जिकलास, तर गाडी इकायची नि होडीवर यायचा."

नाऱ्या हो म्हणून बसला. त्याला होडी लागायची. किनारा सुटला की ओकाऱ्या सुरू! हे बापाला सांगायची त्याची छाती नव्हती. आम्हाला तेवढं माहीत होतं.

*

पहिली शर्यत कादिरभाईने रविवारी दुपारी ठेवली, कारण विलायतेत सुट्टीच्या दिवशी असते. आम्ही गाड्या चकचकीत करून गेलो, तर पाणी थेट बांबूंना लागलेलं. पोशा नाखवा जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "समिंदर रईवार पाळत न्हाय."

तेव्हापासून आमच्या शर्यती पुनवेला आणि अवसेला, उजाडता उजाडता. त्या दिवशी पाणी सगळ्यात लांब जातं. विलायतेतल्या लोकांना ही अडचण नसावी.

*

पहिल्याच अवसेला बारकू सगळ्यांच्या पुढे. रेघ समोर दिसत होती. तेवढ्यात पाटी घेऊन चाललेल्या एका म्हातारीने हात वर केला. बारकूचा पाय आपोआप ब्रेकवर! दार उघडलं, म्हातारीला बसवलं, पाटी डिकीत घातली आणि मग विचारलं, "कुठं जायचं, मावशी?"

शर्यत झालीच नाही, असं ठरलं.

*

पुढच्या पुनवेला नाऱ्या जिंकलाच होता. पण वाटेत बायकांनी मांदेली सुकत घातलेली. कोळ्याचा पोर सुकत्या मासळीवरून गाडी घालेल कशी? त्याने चाक वळवलं आणि गाडी मऊ वाळूत गेली. मी कडेकडेने निघून जिंकलो. जिंकून इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. पोशा नाखवा होडीला टेकून सगळं बघत होता.

*

मग होळीची पुनव आली. नाऱ्याची शेवटची संधी. आदल्या रात्री सगळा कोळीवाडा नाचलेला, त्यामुळे आम्हाला निघायलाच उशीर झाला आणि पाणी फिरलं, भरती लागली.

खाडीच्या तोंडाशी माझ्या रेडिएटरने वाफ सोडली. मी तिथेच संपलो, गाडी कोरड्यात लावून रेघेकडे पळत सुटलो. नाऱ्या पुढे, बारकू बराच मागे. रेघ हाकेवर आली आणि नाऱ्याची मागची चाकं ओल्या वाळूत बसली. गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली, भरतीचं पाणी दारापर्यंत आलं. नाऱ्या दार उघडून उतरायला निघाला.

"बस आत," पोशा नाखवा ओरडला. "सुकाणू सोडू नको."

होडीचा दोर खांद्यावर घेऊन तो पाण्यातून आला. पुढच्या बंपरला गाठ मारली. मागून कोळीवाडा धावत आला. बाया, पोरं, रात्रभर नाचलेले गडी, सगळे दोराला लागले. हैय्या हो सुरू झालं. पायाखालची वाळू उडत होती, गाडी इंच इंच सुटत होती. मागून बारकू आला, पण जाणार कुठून? पुढे आडवातिडवा सगळा कोळीवाडा. तो हॉर्न वाजवत राहिला.

वाळू सुकी लागली, तरी ओढणारे थांबेनात. होडी ओढायला घेतली की तिच्या जागेवर नेल्याशिवाय दोर सोडायचा नाही, ही त्यांची रीत. गाडी बांबूंमधून गेली, रेघ ओलांडली आणि पोशाच्या होडीच्या शेजारी जाऊन थांबली.

कादिरभाईने शिट्टी तोंडात धरली, पण त्याला ती वाजवावी की नाही कळेना.

नाऱ्या अजून स्टिअरिंग धरून आतच. खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "बा, जिकलो काय मी? का होडीवर येऊ?"

पोशा नाखवा दोराची वेटोळी घालत होता.

"येयाचं काय?" तो म्हणाला. "होडीतच तर बसलायस."