माळ बेंबीला लागली

काविळकाकी दारात आलेल्याला बस म्हणायच्या आधी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढायची. माणूस एस.टी.तून उतरून उन्हातून आलेला असो, "हळद चढली हा," हेच तिचं स्वागत. मला ती कधीच आवडली नाही. आजही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी मालवणला नर्स, ती आमच्या गावची. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून ती रोग्याच्या गळ्यात माळ बांधायची. तुकडे सुकले की गाठी सैल पडून माळ लांबायची. बेंबीला टेकली की कावीळ उतरली. तोवर पथ्य: तेल नाही, मासळी नाही, दारू नाही. गुण यायचा तो पथ्याचा, नाव व्हायचं माळेचं. "माळ खोटा बोलणा नाय," असं ती वर ऐकवायची.

माझा दादा काजूची दारू प्यायचा. डोळे पिवळे झाले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. त्याने मान डोलावली आणि काकीकडे गेला. आईचं, वहिनीचं, माझं कधी न ऐकलेला हा माणूस तिच्या शब्दावर दारूच्या थेंबाला शिवला नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

शेवटी नाक मुठीत धरून मीच तिच्याकडे गेले. लिव्हरमध्ये राखण करणाऱ्या पेशी असतात, दारूने आतडं गळकं झालं की जंतूंची घाण तिथे पोचते, मग त्या चवताळून रक्तातल्या आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि सगळ्या मिळून लिव्हरचाच नाश करतात, असं तिला सांगितलं. पिवळेपणा गेला म्हणून आतलं सगळं भरून येत नाही, पुन्हा प्यायला तर तो वाचणार नाही. त्याला जन्मभराचं पथ्य सांग, म्हटलं.

"आपलेच राखणदार आपलाच घर मोडतत?" ती हसली. "असले राखणदार तुमच्या मालवणात असतीत गो!" मग गंभीर होऊन म्हणाली, "जलमभराचा पथ्य सांगलंय तर माझ्या दारात कोण येतलो? माळ बेंबीक लागली की माझा काम संपला."

विसाव्या दिवशी माळ बेंबीला लागली. काकीने ती तोडली, "उतारली" म्हणाली. त्याच संध्याकाळी दादा प्यायला, बरा झाल्याच्या आनंदात. नंतर पोट फुगलं, रक्ताची उलटी झाली आणि तो गेला.

बाराव्याला काकी आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. "बायो, माझा चुकला." मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही विचारतात.

परवा एक बाई पिवळ्या डोळ्यांच्या नवऱ्याला घेऊन वॉर्डात आली. दोघं आधी काकीकडे जाऊन आलेली. "ती म्हणता, दारू जलमभर सोडशात तरच माळ बांधतंय," बाई सांगत होती. काकीकडे हल्ली फारसं कोणी जात नाही म्हणे.

"काकीचा ऐक," मी त्या माणसाला म्हणाले, आणि तोंड कडू झालं. दादासाठी एवढंच तर मागायला गेले होते मी तिच्याकडे.