हामूरखाली ठेवलेलं इन्सुलिन

आमच्या घरात माझं इन्सुलिन लपवलं जायचं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी पाचवीत होते. मला डायबेटिस झाला, म्हणजे माझ्या स्वादुपिंडाने इन्सुलिन तयार करणं बंद केलं. बाकीच्यांच्या अंगात हे हार्मोन न सांगता पाझरतं आणि रक्तातली साखर पेशींत शिरू देतं. माझं मात्र बाटलीतून यायचं, आणि दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या दारात, केचपशेजारी राहायचं. सकाळ-संध्याकाळ आई सुई टोचायची. तिचा हात हलका होता, एवढं कबूल करते.

हे घराबाहेर कुणाला कळता कामा नये, असा हुकूम होता. "मुलीची जात आहे," आई म्हणायची. "आज इथे बोललं की उद्या गावी चिपळुणात पोचतं. लग्नाच्या वेळी काय सांगणार आहोत लोकांना?" मी दहा वर्षांची होते आणि माझ्या लग्नाची काळजी माझ्या रक्ताआधी घेतली जात होती!

अडचण शुक्रवारची होती. त्या दिवशी सुट्टी, आणि आमच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबं जेवायला जमायची. प्रत्येकीने एक पदार्थ करून आणायचा. बायका एकदा स्वयंपाकघरात शिरल्या की फ्रिज सगळ्यांचाच व्हायचा. कुणी ताक काढतंय, कुणी कोथिंबीर शोधतंय. म्हणून आई गुरुवारीच बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून भाजीच्या कप्प्यात दडवायची. एका शुक्रवारी एका काकूंनी नेमका तोच डबा उघडला.

"अय्या, हे इंजेक्शन कोणाचं गं?"

"माझं. बी-ट्वेल्वचं," आईने बेधडक ठोकून दिलं.

पुढच्या आठवड्यापासून तिने जागा बदलली. फ्रीझरमध्ये, हामूर माशाच्या पाकिटांखाली. तिथे कोण हात घालणार? शिवाय थंड ठेवा असं डॉक्टरच म्हणाले होते, मग जास्त थंड तर जास्त चांगलं, असा तिचा हिशेब. बाहेर अंगाची लाही करणारा उन्हाळा असल्यामुळे तिला तो आणखीच पटला. रात्री पाहुणे गेले की बाटल्या पुन्हा दारात.

गोठलेलं इन्सुलिन मरतं. वितळल्यावर दिसतं तसंच, पण काम करत नाही. आमच्या दुधासारख्या पांढऱ्या इन्सुलिनच्या बाटलीत तर पांढरे दाणे धरले होते. मी ते पाहिले आणि सांगितलं. "नीट हलव, विरघळतील," आई म्हणाली.

साखर चढायला लागली. बोट टोचून मशीनमध्ये रक्ताचा थेंब घातला की आकडा बघून बाबांच्या कपाळावर आठ्या. मला सारखी तहान लागायची, सारखं बाथरूमला जावं लागायचं. आणि हे सगळं शुक्रवारनंतर वाढलं, म्हणजे पाहुण्यांनी आणलेलं गोड मीच चोरून खाल्लं असणार. किती सोपं! बाबांनी माझं दप्तर उलटं केलं, गादीखाली पाहिलं. चॉकलेटचा कागद सापडला नाही, तर मी फार हुशार झालेय असा निष्कर्ष निघाला. गुलाबजामाचा डबा कपाटावर गेला.

"देवाशपथ मी नाही खाल्लं."

"मग साखर काय हवेतून येते?" आईने विचारलं. खोटं ठरण्याइतकं काहीच झोंबत नाही, आणि ते रोज दोनदा, मेलेलं औषध टोचून घेताना ऐकायचं.

एक दिवस शाळेतच मला ओकाऱ्या सुरू झाल्या. श्वास लागला. हॉस्पिटलात समजलं ते असं: पेशींना साखर मिळत नव्हती म्हणून शरीर चरबी जाळत सुटलं होतं, आणि त्यातून झालेल्या आम्लाने रक्त बिघडलं होतं. आणखी उशीर झाला असता तर मी वाचले नसते. सुदानी डॉक्टरांनी सलाईन लावलं, आणि मी जरा शुद्धीवर आल्यावर आईला विचारलं, इन्सुलिन कुठे ठेवता?

"फ्रिजमध्ये," आई म्हणाली.

तिथेही! मुलीच्या नाकात नळी होती, तिथेही! मी डोळे उघडले आणि इंग्रजीत सांगितलं, शुक्रवारी फ्रीझरमध्ये, माशांच्या खाली, कारण पाहुणे येतात. मग डॉक्टरांनी आईला शांतपणे सगळं समजावलं. मला वाटलं, आता तरी ती माझ्याकडे वळून काही म्हणेल. ती माझी चादर सारखी करत बसली.

घरी आले तेव्हा नव्या बाटल्या फ्रिजच्या दारात होत्या. मी आजारी होते ते सगळ्यांना कळलं होतं, पण त्यांना सांगितलं होतं की बाहेरचं खाणं बाधलं. आणि गुलाबजामाचा डबा अजून कपाटावरच होता.

शुक्रवारी सगळे जमले. पानं मांडली गेली. मी फ्रिज उघडला, बाटली आणि सिरिंज घेतली आणि जेवणाच्या टेबलाशी, वरणाच्या पातेल्याशेजारी बसले.

"अगं, आत जा," आई दबक्या आवाजात म्हणाली.

मी फ्रॉक वर केला आणि मांडीत सुई टोचली. माझा हात तिच्याइतका हलका नव्हता, दुखलं. मागे डबा उघडलेल्या त्याच काकूंनी विचारलं, "हे काय गं बाळा?"

"इन्सुलिन. मला डायबेटिस आहे. हे फ्रीझरमध्ये ठेवलं की मरतं." मग मी आईकडे पाहून म्हटलं, "आणि मी गुलाबजाम खाल्ले नव्हते."

शेवटचं वाक्य पाहुण्यांना कळलं नाही. ज्या दोघांना कळलं त्यांतले बाबा ताटाकडे बघत राहिले. आई उठली, स्टूल घेतलं, कपाटावरचा डबा खाली काढला आणि टेबलावर ठेवला. बोलली काहीच नाही. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, अजूनही त्याबद्दल बोललेली नाही.