गणतीच्या दिवशी न भांडलेली बाई

ती घटना आठवली की आजही मी आरामखुर्चीतून हातभर वर उडतो, आणि आमच्या सौ. शांतपणे म्हणतात, "सावकाश. गुडघे आता सरकारी नाहीत."

पुण्यातल्या एका पेठेत भरदुपारी एका दुकानदाराला भोसकलं. तो वाचला, पण हल्लेखोराचा चेहरा त्याने पाहिला नव्हता. दुकानाच्या दारातच, रक्ताने भिजलेल्या सदऱ्यानिशी, धायरीचा एक हमाल माझ्या हाती लागला. पंचनामा, अटक, येरवडा. सगळं संध्याकाळच्या चहाआधी उरकलं. साहेबांनी पाठ थोपटली. माझी छाती फुगली ती अशी, की गणवेशाची दोन बटणं आजतागायत सापडलेली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून हमालाची बायको ठाण्याच्या बाकावर येऊन बसू लागली. रोज एकच वाक्य. "सायेब, त्यो जखमी माणसाला उचलाय गेला हुता." मी रोज मान हलवायचो आणि डायरीत डोकं खुपसायचो.

दोन महिन्यांनी आमच्या खबऱ्याने पानाला चुना लावता लावता सांगितलं की, समोरच्या खानावळीतल्या आचाऱ्याने खिडकीतून सगळं पाहिलंय. खऱ्या हल्लेखोराने दम दिला म्हणून तो कोकणात आईकडे पळालाय. खटल्याची तारीख पाच दिवसांवर होती. मी एसटी पकडली. घाटात तिने अशी वळणं घेतली की माझीच पाठ मला तीनदा दिसली.

ते बंदराचं छोटं शहर. तिथले सगळे तरणे पुरुष मुंबईने ओढून नेलेले. मागे उरले म्हातारे, बायका, शाळकरी पोरं आणि मासे. मी साध्या वेशात गेलो खरा, पण पन्नाशीच्या आतला पुरुष आणि त्यात मिश्या! मासळीचा लिलाव थांबला. लॉजवर पोचेपर्यंत मी वाटेत किती वडे खाल्ले तेही गावाला ठाऊक झालं होतं.

आचाऱ्याची आई सुपारीएवढी बाई. दोन दिवसांत चार वेळा विचारलं. गोड बोललो, कायदा सांगितला, डोळे वटारले. या डोळ्यांनी दरोडेखोर घामाघूम केलेत. ती कोकमाची सोलं वाळत घालत म्हणायची, "माका म्हायत नाय." साक्षीदाराच्या घराची झडती तरी कशाच्या जोरावर घेणार?

तिसऱ्या दिवशी त्या गल्लीत जनगणनेचे मास्तर आले. मी चहाच्या दुकानात हताश बसलो होतो. पहिल्याच घरी भांडण पेटलं. मास्तर म्हणत होते, जो मुंबईत राहतो तो मुंबईत मोजला जाईल. बाई म्हणत होती, माझा मुलगा माझ्या घरचा नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. एका आजीने तर मुलाची पोस्टातून आलेली पत्रंच मास्तरांच्या मांडीवर ओतली. अशी अकरा घरं झाली.

बारावं घर आचाऱ्याच्या आईचं. मी कान टवकारले. भांडण नाही! मास्तर निवांत सरबत पिऊन बाहेर पडले, आणि ती विधवा बाई दारात उभी राहून चक्क हसत होती.

मी धावत मास्तरांना गाठलं, कागद दाखवा म्हणालो. त्यांनी पिशवी काखेत घट्ट धरली. "कायद्याने दाखवता येत नाही. आपण पोलीस आहात, आपल्याला ठाऊक असेलच."

मी त्यांना कडक सलाम ठोकला. कागदाची गरजच उरली नव्हती. तसाच उलटा फिरलो आणि तिच्या दारात जाऊन विचारलं, "मावशी, सगळ्या गल्लीने मुलासाठी मास्तरांचा जीव खाल्ला. तुम्ही एकट्याच का नाही भांडलात?"

तिने सरबताचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "पोलिसाक खोटा सांगाक येता. पण गणतीत जित्या झिलाक वगळू कशी?"

मी खाली पायरीवर बसलो आणि पहिल्यांदाच तिला हमालाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल सांगितलं. मधेच आतली नारळ खवण्याची खसखस थांबली. उंचापुरा आचारी खोबऱ्याने माखलेल्या हातांनी बाहेर आला. आई एवढंच म्हणाली, "हात धरून न्हेतास, हात धरून हाडून सोडा." परत आणून सोडायचा मी शब्द दिला, आणि पुढे स्वतः जाऊन पाळलाही.

त्याच्या जबाबावर खरा हल्लेखोर सापडला, हमाल सुटला. येरवड्याच्या फाटकाशी मी मुद्दाम हजर होतो. कौतुक होईल अशी आशा होती, खोटं कशाला बोलू? हमालाची बायको नवऱ्याला घेऊन माझ्या समोरून गेली. चार पावलांवर थांबून म्हणाली, "कुणी बघितलं ते मला इचारलं असतंत तर पयल्याच दिशी सांगितलं असतं, सायेब. मी रोज बाकावरच हुते."

आयुष्यभर मी पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या, पण इतकी छोटी कुठलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ठाण्यात गेल्यावर मी पहिल्यांदा बाकाकडे पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी विचारलं, "आपण कधीपासून बसला आहात?"

"मंगळवारपासून," ते म्हणाले.